तीन आठवडे बसलेला आवाज : फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

आवाज बसलेला माणूस सगळ्यांत आधी तुमच्याकडे येतो. माझ्याकडे तो येतो तेव्हा बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्वरयंत्राच्या कर्करोगामुळे ज्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं, त्यांना पुन्हा बोलतं करणं हे माझं काम. त्यांच्या फायली वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते आणि दर वेळी तितकाच त्रास देते. ती तुमच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते. सर्दी-खोकल्याबरोबर बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच असेल, तर पुढचं औषध लिहिण्याआधी त्या माणसाचं स्वरयंत्र कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं. तुमच्याकडे सोय नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या, आणि आवाज किती आठवड्यांपासून बसलेला आहे ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. तो आकडा वाचून तिकडचा तज्ज्ञ त्याला महिन्याभरानंतरची वेळ देणार नाही.

तुमच्यासमोर रोज घसा धरलेली कितीतरी माणसं बसतात आणि त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग नसतो, हे मला माहीत आहे. ओरडून आवाज बसतो, सर्दीने बसतो, स्वरतंतूंवर बारीक गाठी येतात, दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडने घोगरेपणा येतो, आम्लपित्तानेही घसा खवखवतो. पण ही सगळी कारणं आणि कर्करोग बाहेरून सारखेच ऐकू येतात. नुसत्या आवाजावरून त्यांतला फरक सांगणं मलाही जमत नाही, आणि मी दिवसभर आवाजच ऐकत असते. घसा उघडून टॉर्च मारला तर टॉन्सिल दिसतात, पडजीभ दिसते. स्वरतंतू दिसत नाहीत. ते जिभेच्या मुळाच्या खाली, वळणाआड असतात. ‘घसा पाहिला, लालसर आहे’ असं केसपेपरवर लिहिलेलं असतं तेव्हा ज्या जागी आजार आहे ती जागा कोणी पाहिलेलीच नसते.

ही जागा पाहण्याची एक युक्ती एका गायनशिक्षकाने दाखवून दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीने स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. आज नाकातून जाणारी बारीक लवचीक दुर्बीण आहे. नाकात बधिर करणारा फवारा मारला की काही मिनिटांत तपासणी होते; भूल नाही, टाका नाही, आणि रुग्ण उठून घरी जातो.

घाई कशासाठी, ते थोडं सविस्तर सांगते, कारण या आजाराची सगळी मेख इथेच आहे.

स्वरयंत्राचे तीन मजले मानले जातात. मधल्या मजल्यावर प्रत्यक्ष स्वरतंतू, त्यांच्या वरचा भाग आणि त्यांच्या खालचा भाग. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर येतात, स्त्रीचे दोनशेच्या आसपास. हे जमतं ते त्यांच्या अतिशय मऊ, सरकत्या आवरणामुळे. त्या कडेवर काही मिलिमीटरचा जाडपणा आला तरी कंपन बिघडतं आणि आवाज बदलतो. म्हणजे स्वरतंतूवरचा कर्करोग अगदी लहान असतानाच स्वतःची वर्दी देतो. शरीराच्या आत वाढणारे फार थोडे कर्करोग इतक्या लवकर बोलतात. शिवाय स्वरतंतूंच्या कडेला लसीकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून कर्करोग पसरतो त्या बारीक नळ्या, अगदी विरळ असल्यामुळे तो मानेतल्या गाठींपर्यंत उशिरा पोचतो.

हा अवधी म्हणजे रुग्णाचा हक्काचा वेळ आहे. या काळात आजार एका स्वरतंतूपुरता असतो आणि तो स्वरतंतू अजून हलत असतो. तेव्हा फक्त रेडिएशन देऊन किंवा तोंडातून लेसरने तेवढाच भाग काढून नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांमध्ये आजार आटोक्यात येतो. स्वरयंत्र जागेवर राहतं. माणूस स्वतःच्या आवाजात बोलतो, थोडा खरखरीत असेल कदाचित, पण स्वतःच्या.

मग गाठ खोल जाते. स्वरतंतूच्या आतल्या स्नायूत, त्याच्या बाजूच्या चरबीच्या पोकळीत उतरते आणि एके दिवशी तो स्वरतंतू हलायचा थांबतो. वैद्यकीय भाषेत इथे तिसरा टप्पा सुरू होतो. त्यापुढे बाहेरची कूर्चा, म्हणजे मानेवर हाताला लागणारं ते कठीण कवच, पोखरलं गेलं की चौथा. पहिल्या टप्प्यावर एक उपचार पुरतो, तिथे आता दोन किंवा तीन लागतात आणि स्वरयंत्र वाचेलच असं कोणी सांगू शकत नाही. कूर्चेच्या आरपार गेलेल्या गाठीत तर स्वरयंत्र पूर्ण काढण्याचाच सल्ला बहुधा दिला जातो.

आता फायलींकडे येते. पहिल्या भेटीत अँटिबायोटिक आणि गुळण्या. पंधरवड्याने दुसरं अँटिबायोटिक. मग खोकल्याचं औषध, मग अ‍ॅलर्जीची गोळी, मग आम्लपित्ताची गोळी महिनाभर. मधे कुठेतरी स्टेरॉइडचा छोटा कोर्स. प्रत्येक भेट सुटी-सुटी पाहिली तर चूक म्हणावी असं काही नसतं. पण या भेटी एकाखाली एक मांडल्या की चार-सहा महिने निघून गेलेले दिसतात. अनेकदा रुग्णच मधे डॉक्टर बदलतो आणि नव्या ठिकाणी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणून माझी एक बारीकशी विनंती आहे: केसपेपरवर ‘घसा बसला आहे’ एवढंच न लिहिता आवाज कोणत्या तारखेच्या सुमारास बसला ते विचारून लिहा. पुढच्या भेटीला ती तारीख तुमच्यासमोर असेल.

स्टेरॉइडबद्दल वेगळं सांगायला हवं. गाठीच्या भोवतीची सूज स्टेरॉइडने उतरते, आवाज चार-आठ दिवस बरा होतो, रुग्ण आनंदाने सांगतो की फरक पडला. गाठ तिथेच असते. मिळालेल्या त्या दिलाशात आणखी महिना जातो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली घोगऱ्या आवाजासाठीची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, त्यांत हे स्वच्छ म्हटलं आहे: स्वरयंत्र पाहिल्याशिवाय नुसत्या घोगरेपणासाठी स्टेरॉइड किंवा आम्लपित्ताची औषधं देऊ नयेत, आणि अँटिबायोटिक सरसकट देऊ नयेत. २००९च्या आवृत्तीत तपासणीसाठी कमाल तीन महिन्यांची मुदत होती. २०१८मध्ये ती चार आठवड्यांवर आणली गेली. धूम्रपान करणारा असेल, मानेत गाठ असेल, श्वासाला त्रास असेल तर चार आठवडेही थांबायचं नाही. ब्रिटनमधल्या नियमांनुसार पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाचा आवाज कारणाशिवाय बसलेला राहिला तर त्याला कर्करोगाचा संशय धरून तातडीने पुढे पाठवायचं असतं. मी तीन आठवडे म्हणते, कारण चिठ्ठी दिल्यापासून तपासणी होईपर्यंतही दिवस जातातच.

दुर्बिणीतून पाहून, संशयाच्या जागेचा तुकडा काढून तपासून ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तरी आवाज सुधारत नसेल तर विषय तिथे मिटत नाही. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याची हकीकत अनेकांना ठाऊक असेल. १८८७च्या जानेवारीत त्याचा आवाज बसला. मे महिन्यात तिथल्या शल्यचिकित्सकांनी कर्करोगाच्या संशयाने शस्त्रक्रियेची तयारी केली. इंग्लंडहून बोलावलेले मोरेल मॅकेन्झी म्हणाले, आधी तुकडा तपासू. त्या काळचे सर्वांत थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांना त्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया टळली. हिवाळ्याच्या तोंडावर निदान स्पष्ट झालं. १८८८च्या फेब्रुवारीत श्वासासाठी त्याच्या मानेला छेद द्यावा लागला. मार्चमध्ये तो सम्राट झाला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. कागदावर लिहून त्याने राज्य केलं, तेही ९९ दिवस. १५ जूनला तो गेला. त्या काळी ही शस्त्रक्रिया इतकी धोक्याची होती की ती झाली असती तर तो वाचला असता असं म्हणता येणार नाही. पण तुकडा वरवरचा किंवा बाजूचा निघू शकतो, ही अडचण आजही तशीच आहे. तुमचा रुग्ण निर्धोक रिपोर्ट घेऊन आला आणि आवाज तसाच असला, तर त्याला पुन्हा तज्ज्ञाकडे पाठवा.

सगळेच रुग्ण घोगरा आवाज घेऊन येत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या गाठीत आवाज बराच काळ ठीक राहतो. तिथे लसीकावाहिन्या भरपूर असतात, त्यामुळे कधीकधी पहिली खूण म्हणजे मानेतली गाठच असते. ती गाठ कापून काढण्याआधी सुईने तपासून घ्या आणि घसा दुर्बिणीतून पाहून घ्या, कारण आधीच उघडलेली मान पुढच्या शस्त्रक्रियेला अडचणीची होते. याच जागेची दुसरी खूण फसवी आहे: कान दुखतो. स्वरयंत्राला आणि कानाला एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं. एका बाजूचा कान आठवडेच्या आठवडे दुखतोय, पडदा मात्र निरोगी दिसतोय, अशा प्रौढ माणसाला कानात टाकायचे थेंब देऊन घरी पाठवू नका. गिळताना टोचतं का, एकाच बाजूला टोचतं का, एवढं विचारा.

खालच्या मजल्यावरची गाठ दुर्मीळ, पण तिथे चूक होते ती दम्याची. दम्याची शिटी मुख्यतः श्वास सोडताना वाजते. स्वरयंत्र अरुंद झालं की आवाज श्वास घेताना येतो. पंप देऊन गुण येत नाही आणि श्वास आत ओढताना घरघर ऐकू येते, अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावं लागतं.

कोणाला जास्त धोका, ते तुम्हाला मी सांगायला नको. धूम्रपान सगळ्यांत वर, मग मद्य. दोन्ही एकत्र असतील तर धोका नुसता बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढतो. अ‍ॅसबेस्टॉस आणि गंधकाम्लासारख्या तीव्र आम्लांची वाफ यांत काम केलेल्यांनाही तो असतो, म्हणून व्यवसाय विचारावा. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ८९ हजार लोकांना हा कर्करोग होतो आणि सुमारे १ लाख ३ हजार जण त्याने दगावतात. रुग्णांत पुरुष कितीतरी जास्त. पण याच आकड्यामुळे बाईकडे, विशेषतः कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्या बाईकडे, या नजरेने कोणी पाहत नाही. ती शिक्षिका असेल, गात असेल, तर आवाज वापरून बसला हे उत्तर तयारच असतं. मला तिच्यासाठीही तीन आठवड्यांचाच नियम हवा आहे.

रुग्णाला काय सांगायचं, हाही प्रश्न असतो. तपासणीला पाठवताना ‘कॅन्सर’ म्हटलं तर घाबरून तो तपासणीला जाणारच नाही, असं तुम्हाला वाटतं. काही म्हटलंच नाही, तर तपासणी महत्त्वाची नाही असं तो समजतो आणि टाळतो. ‘इतके दिवस बसलेल्या आवाजात बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण एखाद्यात गंभीर असतं, आणि ते लवकर सापडलं तर आवाज वाचतो,’ एवढं म्हटलं की बहुतेक लोक जातात. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पुढच्या भेटीला तो जाऊन आला का, हे मात्र विचाराच.

स्वरयंत्र काढल्यावर काय होतं, हे मी जवळून पाहते. श्वासनलिका मानेच्या पुढच्या बाजूला उघडते आणि माणूस कायमचा तिथूनच श्वास घेतो. हवा नाकातून जात नाही, म्हणून ती गरम होत नाही, गाळली जात नाही. खोकला मानेतून येतो, वास मंदावतो. आंघोळीचं पाणी तिथून आत जाऊ नये म्हणून जपावं लागतं, पोहणं संपतं. हसू आवाजाशिवाय येतं. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारता येत नाही, आणि ही गोष्ट घरच्यांना इतर सगळ्यांपेक्षा जास्त लागते.

व्हिएन्नात थिओडोर बिलरॉथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी कर्करोगासाठी पहिल्यांदा पूर्ण स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून त्या माणसाला बोलतं कसं करायचं हा प्रश्न आहे. आज तीन वाटा आहेत. अन्ननलिकेत हवा घेऊन ती सोडताना बोलणं. याला महिनोन्महिने सराव लागतो आणि सगळ्यांना ते साधत नाही. मानेला टेकवायचं विजेवर चालणारं यंत्र. लवकर जमतं, पण आवाज एकसुरी. आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत बसवायची छोटी एकमार्गी झडप, जी सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८०मध्ये जगासमोर आणली. मानेचं भोक बोटाने बंद केलं की फुफ्फुसातली हवा झडपेतून जाते आणि शब्द उमटतात. माझे रुग्ण या वाटांनी बोलतात, भांडतात, गोष्टी सांगतात. मी त्यांना कमी लेखत नाही. त्यांतल्या काहींना ही वाट धरावीच लागली नसती, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुढच्या टप्प्यातही स्वरयंत्र वाचवण्याचे प्रयत्न होतात. १९९१ साली अमेरिकेत ३३२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: आधी केमो, मग रेडिएशन, अशा गटात ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र टिकलं आणि दोन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रिया केलेल्या गटाइतकंच होतं. २००३च्या एका अभ्यासात केमो आणि रेडिएशन एकाच वेळी दिल्यावर दोन वर्षांनी ८८ टक्क्यांचं स्वरयंत्र जागेवर होतं. आकडे मोठे आहेत. पण जागेवर राहिलेलं स्वरयंत्र नेहमी चालतंच असं नाही. कडक झालेल्या घशामुळे घास छातीत जाणारे, नळीवर जेवणारे लोकही माझ्याकडे येतात. रेडिएशननंतर आजार उलटला तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि जखम भरायला जड जाते. म्हणून पहिला टप्पा तो पहिलाच. त्याची बरोबरी कुठलाही नंतरचा उपचार करत नाही.

उपचार संपले की हा माणूस पुन्हा तुमच्याकडेच येतो, म्हणून थोडं त्याबद्दल. मानेतून श्वास घेणाऱ्याला तातडीच्या वेळी ऑक्सिजनचा मास्क मानेवर लावायचा; तोंडावर लावलेला मास्क त्याच्या फुफ्फुसापर्यंत पोचतच नाही. हे तुमच्या दवाखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. झडप असलेल्या माणसाला पाणी पिताना ठसका लागत असेल, तर छातीच्या संसर्गाची औषधं सुरू करण्याआधी झडप गळते आहे का ते पाहायला पाठवा. तिला काही महिन्यांनी बदलावंच लागतं. झडप निघून पडली असेल तर ती हातात आहे का ते विचारा. नसेल तर ती श्वासनलिकेत गेली असेल असं धरून चाला. ती हातात असली तरी त्याच दिवशी पाठवा, कारण भिंतीतलं छिद्र काही तासांत आक्रसू लागतं. मानेला रेडिएशन झालेल्यांची थायरॉइडची तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करत राहा. थायरॉइड मंदावल्याने आलेला त्यांचा थकवा आणि सुस्ती अनेकदा मनाची समजली जाते. धूम्रपान अजून सुरू असेल तर तेव्हाही सोडवा. रेडिएशनचा गुण त्याने कमी होतो आणि दुसरा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे ‘आता सोडून काय उपयोग’ या त्यांच्या प्रश्नाला तुमच्याकडे ठोस उत्तर आहे.

आणि तुमच्या दवाखान्यात फक्त फोनवर नंबर लावायची पद्धत असेल, तर या लोकांना मेसेज पाठवता येईल असा एक नंबर द्या. फोनवर त्यांचा आवाज ऐकून समोरचा माणूस फोन ठेवून देतो, असं त्यांच्यापैकी अनेकांनी मला लिहून दाखवलं आहे.

आपली,
एक स्पीच थेरपिस्ट